भेट म्हणून गेलेले तंबोरे

“ज्या देशाचं पाणी मी कधी प्यालो नाही, ज्याच्या रस्त्यावर कधी पाऊल टाकलं नाही, त्या देशाचा कर मी का भरायचा, चाचा?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. ते तंबोऱ्याच्या तारेत मणी ओवत होते.

विचारणारा होता सुकुमार मगदूम, चाचांचा जुना शिष्य. एका मोठ्या ऑनलाइन बाजारात त्याचं दुकान होतं आणि मिरजेत घडलेले तंबोरे त्या दुकानातून थेट युरोपात जात होते. कामाच्या खोलीत तो चपला काढून आला होता, एवढा मान त्याने अजून ठेवला होता. बसला मात्र नव्हता.

मी कोपऱ्यात होतो. तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलेला माणूस मी. माझ्या तंबोऱ्याची एक खुंटी सैल झाली होती, ती दाखवायला सकाळीच आलो होतो. दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं आणि मलाही उठावंसं वाटेना.

“तुझा तंबोरा कुठं वाजतोय?” चाचांनी विचारलं.

“हॉलंडमध्ये. बेल्जियममध्ये. आणखी बऱ्याच ठिकाणी.”

“मग तिथलंच खातोयस की.”

सुकुमार हसला, पण ते नुसतं ओठांचं हसू होतं.

...

चाचांच्या पुढ्यात जो तंबोरा होता तो परत आलेला होता. सुकुमारनेच तो सकाळी गाडीतून आणला. हॉलंडच्या सीमेवर अडवला गेला, तीन आठवडे कुठल्याशा गोदामात पडून राहिला आणि आला तसा माघारी आला. खोक्यावर अजून चिठ्ठी होती. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: भेटवस्तू, विक्रीसाठी नाही.

चाचांनी खोकं उघडलं, तंबोरा बाहेर काढला, भोपळ्यावरून हात फिरवला आणि तारा जुळवायला घेतल्या. प्रवासासाठी तारा उतरवून ठेवतात. उतरलेल्या तारांचा तंबोरा त्यांना बघवत नाही, हे मला ठाऊक होतं.

तोवर सुकुमार बोलत राहिला. त्याचं बोलणं लांबलचक होतं, मी थोडक्यात सांगतो.

त्या देशांचा नियम असा, की बाहेरून विकायला आलेल्या वस्तूवर तिथला विक्रीकर लागतो. विकणारा मिरजेत बसलेला असो नाहीतर मुंबईत. सुकुमारने त्यावर तोडगा काढला होता. दुकानात किंमत लिहायची ‘सर्व कर धरून’. गिऱ्हाईक निर्धास्तपणे तेवढी रक्कम भरतं. मग खोक्यावर चिठ्ठी लावायची, भेटवस्तू. भेटीवर कर नाही. कराचा भाग सुकुमारकडेच राहायचा. दोन वर्षांत असे चौसष्ट तंबोरे गेले.

आता त्या बाजारवाल्यांचं पत्र आलं होतं. तीन दिवसांत उत्तर द्या, हा माल विकलेला की भेट दिलेला? भेट असेल तर बनवणाऱ्या कारागिराचा सहीचा दाखला जोडा. विकलेला असेल तर त्या देशांत नोंदणी करा, मागचा सगळा कर भरा, वर दंड भरा. तोवर दुकान बंद.

सुकुमारने खिशातून एक कागद काढून चाचांपुढे ठेवला. दाखला तयार होता. मी, दस्तगीर अमुक, असं लिहून देतो की हे चौसष्ट तंबोरे मी परदेशातल्या संगीताच्या विद्यार्थ्यांना भेट म्हणून दिले. खाली सहीला जागा सोडली होती.

“एवढी एक सही,” सुकुमार म्हणाला.

चाचांनी कागदाकडे पाहिलं. मग पुन्हा तारेकडे.

...

या दोघांमधलं एक जुनं दुखणं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात लाल फडक्यात गुंडाळलेली एक कानस असते. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, त्या घोडीची पाठ या कानशीने घासायची. घासून घासून अशा उताराला आणायची की तार तिला जेमतेम शिवेल. मगच सूर गोल होतो, भरतो, घुमतो. याला जवारी काढणं म्हणतात. तंबोरा कुणीही जोडेल, जवारी काढणारे हात मोजके. केसभर जास्त घासलं की घोडी वाया जाते, कारण घासून गेलेलं परत लावता येत नाही.

सुकुमार बाविसाव्या वर्षी या खोलीत आला. भोपळा निवडणं, दांडी बसवणं, रंग, पॉलिश, सगळं पटापट उचललं. हाताला वेग होता आणि नजर तयार होती. मग एक दिवस त्याने कानस मागितली. चाचांनी दिली. त्याने घोडी बिघडवली. दुसरी दिली, तीही बिघडवली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा चाचांनी कानस फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली.

“तुझा हात थांबत न्हाई,” एवढंच ते म्हणाले होते.

त्याला सोळा वर्षं झाली. सुकुमारने अपमान गिळला आणि विकण्याच्या धंद्यात पडला. तो धंदा त्याला फळला, हे कुणीही मान्य करील. त्याच्या कार्डावर ‘तंतुवाद्य निर्माता’ असं सोनेरी अक्षरांत छापलंय. पण त्याच्या दुकानातला प्रत्येक तंबोरा जवारीसाठी याच खोलीत येतो. दर वर्षी एकदा तरी तो कानशीचा विषय काढतो आणि चाचा चहा मागवतात.

...

“ती बाई काय म्हणाली?” चाचांनी अचानक विचारलं.

“कोण बाई?”

“जिच्यासाठी ह्यो केला ती.”

 सुकुमारने मोबाइलवर तिचं पत्र काढलं आणि भिंतीकडे तोंड करून सांगितलं.

बाईचं नाव हान्नेके. कुठल्याशा छोट्या गावात नर्स होती, निवृत्त झाल्यावर गाणं शिकायला लागली होती. तंबोऱ्यासाठी दोन वर्षं पैसे साठवत होती. सीमेवरच्या अधिकाऱ्याने तिला बोलावून विचारलं, ही भेट आहे का? तिने सांगितलं, नाही, मी विकत घेतलाय. पावती दाखवली. भेट म्हणाली असती तर तंबोरा तिथेच तिच्या हातात पडला असता.

“आणि तिच्या पत्रात काय लिहिलंय?”

“तेच ते. तक्रार.”

“वाच.”

सुकुमारने मनातल्या मनात वाचलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

“मोठ्यानं.”

तो वाचू लागला आणि वाचता वाचता मराठी करत गेला. बाईने तक्रार केलीच नव्हती. तिने लिहिलं होतं की तंबोरा परत गेला याचं वाईट वाटतं, पण मला खोटं बोलता आलं नाही. करासाठीचे पैसे मी तुम्हाला दिले होते. ते माझ्या गावाचे होते. तुम्ही फक्त पुढे द्यायचे होते. काहीतरी चूक झाली असेल, ती दुरुस्त करा, मी थांबते.

सुकुमारने मोबाइल खिशात टाकला.

 चाचा खुंटी पिळत राहिले. मला वाटलं होतं, आता ते काहीतरी सुनावतील. मी असतो तर सुनावलं असतं, आणि चांगलं तासभर.

...

गप्प बसणं सुकुमारला झेपत नाही. त्याने शेवटचा मुद्दा काढला, आणि तो मुद्दा खोटा नव्हता.

“चाचा, दुकान बंद झालं तर माझं एकट्याचं जाणार नाही. तुमच्या गल्लीतली अकरा घरं या दुकानावर चालतात. भोपळे तासणारे, दांडी घडवणारे, पॉलिशवाल्या बायका. नोंदणी, दंड, हे सगळं निस्तरायला वर्ष जाईल. तोवर ती माणसं काय करतील? आणि अकरातलं एक घर हे आहे.”

त्याने खोलीभर नजर फिरवली. छताला टांगलेले भोपळे, कोपऱ्यातलं सरसाचं भांडं, चाचांची दोन ठिकाणी शिवलेली बैठक.

हे ऐकून माझीच मान खाली गेली. गावात तंबोरे घेणारे आता उरलेत किती? मी स्वतः तीस वर्षांत एकही नवा घेतला नाही, जुन्याच्या खुंट्या पिळत आलोय.

चाचांचे हात थांबले. दाराबाहेर पलीकडच्या ओट्यावर एक बाई दांडीला पॉलिश लावत होती. ते तिच्याकडे बघत राहिले. 

“पेन दे,” ते म्हणाले.

मला धक्का बसला. खरं सांगतो, रागही आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्याने आयुष्यात कुणाला कच्चा भोपळा पक्का म्हणून विकला नाही, तो पेन मागतोय. पण मला अकरा घरं चालवायची नव्हती, म्हणून मी गप्प राहिलो.

सुकुमार पहिल्यांदाच खाली बसला. घाईने पेन काढून पुढे केलं.

चाचांनी पेन घेतलं, कागद मांडीवर घेतला. सहीच्या जागेवर पेनाचं टोक टेकवलं. मग उचललं.

“एक काम राहिलं,” ते म्हणाले.

त्यांनी मागे हात करून बारीक पात्याची करवत काढली आणि सुकुमारपुढे ठेवली.

“तबली काप.”

...

तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी पाटी. ती एकदा सरसाने बसली की भोपळा कायमचा बंद. ती बसवण्याआधी या घरात एक रीत पाळतात. चाचांचे वडील पाळायचे, आजोबाही पाळायचे. भोपळ्याच्या आत, पोटात, शाईने लिहायचं: केला कुणी, घेतला कुणी, किती रुपयांना, कुठल्या साली. मग तबली बसवायची. पुढे पन्नास वर्षांनी कुणी दुरुस्तीला उघडला तरच ते वाचलं जाणार. एरवी कुणालाच दिसणार नाही.

परदेशी नावं चाचांना लिहिता येत नसत. ती सुकुमारच चिठ्ठीवर मराठीत लिहून पाठवायचा. नाव, गाव, किंमत. चौसष्ट वेळा त्याने स्वतःच्या हाताने लिहून पाठवलं होतं, आणि चौसष्ट वेळा चाचांनी ते आत उतरवलं होतं. दाखला तयार करताना हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

आता आलं. मी त्याचा चेहरा बघत होतो.

“आत ‘विकला’ असं लिहिलंय मी,” चाचा म्हणाले. “बाहेर ‘भेट’ म्हणून सही करायची तर आधी आतलं खोडावं लागंल. ह्यो एक तर हितं हाय. ह्याच्यापासून सुरू कर. बाकीचे त्रेसष्ट मागवून घे.”

“चाचा, आतलं कोण बघतंय?”

“कुणी बघत न्हाई,” चाचा म्हणाले. “म्हणून तर आत लिहितो.”

...

सुकुमारच्या कानशिलावरची शीर उडत होती. त्याला राग आला होता, हे मला लांबूनही दिसत होतं. सोळा वर्षांपूर्वीचा रागही त्यात असावा. त्याने करवत उचलली.

मला ओरडावंसं वाटलं. तो तंबोरा चाचांच्या हातचा होता, वर्षभर सुकवलेल्या भोपळ्याचा. पण चाचा शांत बसले होते. पेन त्यांच्या हातात होतं आणि कागद मांडीवर. तो कापील तर ते सही करतील, याबद्दल मला तेव्हा शंका वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

सुकुमारने तंबोरा आडवा ओढून घेतला. गुडघा टेकवला. भोपळा आणि तबली जिथे जुळतात त्या सांध्यावर करवतीचं पातं ठेवलं. वाकला.

वाकताना त्याच्या बाहीचा स्पर्श तारांना झाला.

चारही तारा बोलल्या.

चाचांनी बोलता बोलता तो पूर्ण जुळवला होता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. सूर खोलीत भरला. छताला टांगलेले भोपळे त्याच्याबरोबर हळूच घुमू लागले. मी जन्मभर तंबोऱ्याजवळ बसलोय, पण असा षड्ज फार थोड्या वेळा ऐकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलं नाही.

सुकुमार हलला नाही. पातं सांध्यावर तसंच होतं.

सूर उतरत गेला... उतरत गेला... तो संपला असं वाटायचं आणि तरी थोडा उरलेला असायचा.

पलीकडच्या ओट्यावरची बाई हातातलं फडकं थांबवून इकडे बघत होती.

अखेर खोलीत काही ऐकू येईना.

सुकुमारच्या हातातली करवत अजून तिथेच होती. लाकडाला ओरखडाही पडला नव्हता. त्याने ती उचलली आणि बाजूला ठेवली. आवाज होऊ नये इतक्या हलक्या हाताने ठेवली.

...

मग त्याने मोबाइल काढला. बाजारवाल्यांचं पत्र उघडलं. खाली दोन चौकोन होते, विकलेला आणि भेट दिलेला. त्याचं बोट वर गेलं आणि तिथेच राहिलं.

“दुकान बंद पडेल,” तो म्हणाला. चाचांना सांगत होता की स्वतःला, कळलं नाही.

“पडंल,” चाचा म्हणाले.

“वर्षभर तरी.”

“असंल.”

“गल्लीत काय सांगू?”

 चाचांनी मांडीवरचा दाखला उचलला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहायला घेतलं. मी मान लांब करून पाहिलं. अकरा नावं होती. पहिलं नाव त्यांचं स्वतःचं. कागद त्यांनी सुकुमारकडे सरकवला.

“मी येतो संगट,” ते म्हणाले. “घरोघर जाऊन सांगू.”

सुकुमारने ती नावं वाचली. दोनदा वाचली. मग बोट खाली आणलं. ‘विकलेला’ या चौकोनात खूण उमटली. खाली जागा होती तिथे त्याने आकडा घातला, चौसष्ट. नंतर हान्नेकेबाईंना चार ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते त्याने वाचून दाखवलं नाही आणि चाचांनी विचारलंही नाही. एवढं कळलं, की त्या ओळी लिहायला त्याला पाऊण तास लागला आणि मधे दोनदा त्याने बाहीने डोळे पुसले.

त्याने मोबाइल पालथा ठेवला. सोनेरी कार्डावरचा निर्माता जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या गुडघ्याला भोपळ्याची धूळ लागली होती. ती त्याने झटकली नाही.

“माझंच चुकलं, चाचा.”

चाचांनी तंबोरा स्वतःकडे ओढला. तारा हळूहळू उतरवल्या. मला कळेना, इतका जुळलेला तंबोरा कशाला उतरवतायत. मग त्यांनी तारांखालची घोडी अलगद सरकवली, काढली, उजेडात धरून तिची पाठ पाहिली आणि सुकुमारच्या तळहातावर ठेवली. डब्यातून एक कोरी घोडी काढली. तीही त्याच तळहातावर, पहिलीच्या शेजारी ठेवली.

सुकुमार दोन्हीकडे बघत बसला. 

दुपारची अजान झाली. चाचा भिंतीचा आधार घेत उठले, टोपी नीट केली, दारापर्यंत गेले. तिथून मागे न वळता म्हणाले,

“मी येईस्तवर कोनाड्यातली कानस काढून ठेव.”